रिकामं मनगट

"बस कर, रत्ना. खोटं शे हाई. बठ्ठं खोटं शे."

आवाज पहिल्या रांगेतून आला, आणि तो आईचा आहे हे रत्नाला लगेच कळलंच नाही. इतक्या माणसांत आईचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. लग्नकार्यात, शाळेच्या गॅदरिंगला, नानांच्या निवृत्तीच्या समारंभात आई नेहमी कुठल्यातरी खांबाच्या आड, पदर सावरत, दुसऱ्या कुणाच्या बोलण्यावर मान हलवत असायची. त्यामुळे रत्नाने आधी मागे भिंतीकडे पाहिलं, पडद्यावरचं चित्र बिघडलं की काय म्हणून. चित्र जागेवर होतं. एक लालसर तारा, मधोमध कापलेल्या कांद्यासारखा, थरावर थर. मग तिने समोर पाहिलं. आई उभी होती. कमलबाई मगन पाटील. प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर एक हात, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, अंगावर फिकट जांभळं लुगडं आणि कोपराच्या खाली येणारं तेच लांब बाह्यांचं पोलकं. चेहरा रागावलेला नव्हता. बस थांब्याच्या पुढे नेणाऱ्या कंडक्टरला सांगावं तशी ती बोलली होती, इथे थांबवा म्हणून. सभागृहात दीड-दोनशे माणसं आणि वर फिरणारे पंखे.

आपण काय बोलत होतो तेव्हा? रत्नाने आठवून पाहिलं, आणि ते वाक्य अजून ओठावर ओलंच होतं. धुळ्यातलं हे सभागृह नानांच्या जुन्या शाळेचं. नानांना जाऊन वर्ष झालं म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांनी व्याख्यान ठेवलेलं, आणि वक्ता म्हणून त्यांचीच मुलगी बोलावलेली, जळगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी, तारे फुटतात तेव्हा निघणाऱ्या गॅमा किरणांवर संशोधन करणारी डॉ. रत्ना. विषय अवघड, म्हणून तिने सुरुवात घरातून केली होती. नानांनी मला आकाश कसं दाखवलं ते सांगते, म्हणाली. संध्याकाळी भारनियमनात गल्लीतले दिवे जायचे. नाना म्हणायचे, रत्ना, तू वर गच्चीवर जा, मृग नक्षत्रातली काक्षी शोधून ठेव, मी आलोच. ते कधीच बरोबर यायचे नाहीत. आधी मला एकटीला पाठवायचे. ही त्यांची शिकवायची पद्धत होती, मुलाने आपलं आपण शोधावं. (इथे मागच्या रांगांतून हुंकार आला. शाळेतही सर असंच करायचे.) मग थोड्या वेळाने ते यायचे. मी विचारायची, नाना, किती वाजले? ते मनगट पुढे करायचे, रिकामं. म्हणायचे, आकाश बघायला येताना घड्याळ काढून ठेवायचं असतं, बेटा. तिथली वेळ वेगळी. हे वाक्य रत्नाने तिच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर घातलं होतं. हे वाक्य ती दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगायची. आणि ह्या वाक्यावर आई उठली होती.

दीपक पुढे झाला. दीपक नानांचा लाडका विद्यार्थी, आता धुळ्यात क्लासेस चालवणारा, कार्यक्रमाचा सगळा भार त्याच्यावर. त्याने हात जोडून सभेकडे पाहिलं. "अक्कांना गहिवरून आलंय. साहजिक आहे. सरांची आठवण." मग खाली वाकून, "अक्का, पाणी देऊ का? बसा ना." आईने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको. "मी बाहेर बठसू," ती म्हणाली, आणि रांगेतल्या गुडघ्यांमधून वाट काढत, प्रत्येकाला थोडं थांबून जागा द्यायला लावत, दाराकडे गेली. दारात तिने चपला शोधल्या. एवढ्या चपलांत तिला तिची जोडी सापडेना, आणि सगळं सभागृह माना वळवून एक म्हातारी चपला शोधताना बघत राहिलं. रत्नाच्या मनात एकच विचार आला, आणि तो पुढे दिवसभर तिला चावत राहिला. हिला 'आहे' म्हणता आलं नसतं का? एवढ्या लोकांत अहिराणी 'शे' कशाला?

आणि मग तिने व्याख्यान पूर्ण केलं. तेच तिला नंतर समजेना. तिने खडू उचलावा तसा मायक्रोफोन उचलला आणि पुढचं चित्र लावलं, आणि तिचा आवाज नीट, थोडा नेहमीपेक्षाही स्वच्छ, बाहेर पडत राहिला. जणू तो तिच्या छातीतून येत नसून शेजारच्या खोलीतून येतोय. ती सांगत होती की सूर्याच्या वीस-तीसपट जड तारा आयुष्यभर स्वतःच्या वजनाशी झुंजत असतो. आत काहीतरी जळतं, त्या उष्णतेच्या दाबावर तो उभा असतो. हायड्रोजन संपला की हेलियम, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, एकेक इंधन आधीच्यापेक्षा लवकर संपतं, आणि शेवटी मध्यभागी लोखंड साठतं. लोखंडातून काही मिळत नाही. मग तो गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो. आणि गंमत अशी (ती खरंच 'गंमत' म्हणाली) की ताऱ्याच्या पृष्ठभागाला हे ठाऊकच नसतं. बाहेरून तारा होता तसाच. आत मात्र कृष्णविवर झालेलं असतं आणि उरलेला माल त्याच्याभोवती गिरक्या घेत तबकडीसारखा फिरतो. तारा पुरेसा वेगाने फिरणारा असेल, वरची जाड पांघरुणं त्याने आधीच टाकून दिलेली असतील, तर त्या तबकडीच्या वर आणि खाली दोन झोत सुटतात. ताऱ्याच्या अंगातून भोक पाडत ते बाहेर येतात, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, आणि काही सेकंद, फार तर काही मिनिटं, गॅमा किरणांचा असा लोळ उठतो की सूर्य आयुष्यभरात जेवढी ऊर्जा देईल तेवढी त्यात जाते. झोत नेमका सुटतो कसा, चुंबकीय क्षेत्राच्या पिळाने की न्यूट्रिनोंच्या उष्णतेने, ह्यावर अजून वाद आहेत. आम्हाला वाटतं, असं घडत असावं. 'असावं' ह्या शब्दावर ती नेहमी जोर देते. आजही दिला.

एका बाईंनी प्रश्न विचारला. "मॅडम, मग हे सगळ्यांना दिसतं का?" नाही, रत्ना म्हणाली, झोत अरुंद असतो. त्याचं तोंड आपल्याकडे असेल तरच. तीन-चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एक असा आपल्याकडे तोंड करून आला होता. जवळजवळ दोनशे कोटी वर्षं प्रवास करून, आणि तरी आपल्या वातावरणाचा वरचा थर त्याने हलवला. संध्याकाळ होती, माणसं आपापल्या कामात होती. कुणाला काही कळलं नाही. टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ, नानांच्या तसबिरीला हार. तसबिरीत नानांचा डावा हात टेबलावर होता आणि मनगटावर घड्याळ होतं. रत्नाने पाहिलं आणि नजर काढून घेतली, का ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका," दीपक तिला गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला. जेवणाचं निमंत्रण तिने टाळलं होतं. "वयोमानाने होतं असं. माझी आईसुद्धा कधी कधी मलाच विचारते, तू कोण रे. डॉक्टरांना दाखवून घ्या एकदा." रत्नाने आधार सापडावा तशी जोराने मान डोलावली. हो. तेच असणार. वयोमान. त्र्याहत्तर म्हणजे काही कमी नाही. वर्षभरापूर्वी नवरा गेला, धुळ्याचं घर बंद करून मुलीकडे जळगावात पिंप्राळ्याला आली, माणूस गोंधळणारच. वऱ्हांड्याच्या पायरीवर आई शेंगा सोलून खात बसली होती, सालं पिशवीत टाकत, जमिनीवर एकही न पाडता.

गाडी हायवेला लागली. रत्नाला वाटत होतं की आपण काहीतरी विचारायला हवं, पण जे विचारायचं ते तोंडाशी आलं की दुसरंच होत होतं. "आई, आज वार कोणता?" ती म्हणाली. मग लगेच, "सकाळी काय खाल्लं होतंस आपण निघताना?" आईने खिडकीतून नजर न काढता उत्तर दिलं. "रईवार. तुन्हा हातना पोहा. मीठ जास्त व्हतं." थोडं थांबून म्हणाली, "मन्हं डोकं ठिकाणवर शे, रत्ना." आणि रत्नाला लाज वाटली, आणि त्या लाजेखाली, पायाखालची वाळू सरकावी तसं, भय. कारण वयोमान नाही म्हटल्यावर दुसरं काय उरतं? पारोळ्याच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग होती. पुढच्या ट्रॅक्टरमधून कापसाचे पुंजके उडून काचेवर येत होते आणि ती वायपर लावत होती, पुन्हा पुन्हा, ते उडून गेल्यावरही. आईशी आपण कधी बोललो? बोललो म्हणजे भाजी, औषध, पाहुणे सोडून. तिला एकही प्रसंग आठवेना. घरात शुद्ध बोलायचं असा नानांचा नियम होता. गल्लीतली सगळी पोरं आईला माय म्हणायची, रत्ना आई म्हणायची. आई 'शे' म्हणाली की नाना जेवता जेवता हात थांबवायचे आणि म्हणायचे, आ-हे, कमल, आ-हे. ती खालच्या आवाजात म्हणायची, आहे. रत्ना हसायची. हळूहळू आई बोलायचीच थांबली, आणि रत्नाने ठरवून टाकलं की आईकडे बोलण्यासारखं काही नसतं. आकाश नानांचं, पुस्तकं नानांची, प्रश्न विचारायचे ते नानांना. आई म्हणजे खालचा मजला.

एरंडोलजवळ आई म्हणाली, "पद्मालयले जाऊत का?" रत्नाने चमकून पाहिलं. नाना देवळात जात नसत, आणि ते जात नसत म्हणून घरातलं कुणीच जात नसे. "मन्हा माहेरना लोके जायेत. मी लगीननंतर एकदाबी नही गई." रत्नाने गाडी वळवली. रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना ज्वारी आणि पुढे झाडी. तिला हायसं वाटलं, काहीतरी करायला मिळालं म्हणून. देवळात फार गर्दी नव्हती. आईने दर्शन घेतलं, प्रसादाचा खडीसाखरेचा तुकडा रत्नाच्या हातावर ठेवला आणि तळ्याच्या पायऱ्यांवर येऊन बसली. पाण्यावर कमळाची पानं पसरली होती, फुलं थोडीच, दुपारच्या उन्हाने मिटत आलेली. आईने चपला काढून बाजूला नीट ठेवल्या आणि खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडले.

"तुन्हा नाना घड्याळ का काढेत, ठाऊक शे का तुले?"

खडीसाखर रत्नाच्या मुठीत चिकट होत होती.

"एक डाव काच फुटनी व्हती. मन्हा हातवर." आईने पोलक्याची बाही वर सारली. कोपराच्या वर, आतल्या अंगाला, पांढरी, थोडी उचललेली रेघ होती. ती रेघ रत्नाने पाहिलेली होती, लहानपणी न्हाऊन आलेल्या आईच्या हातावर, आणि विचारलं होतं, आणि उत्तर मिळालं होतं, बांगडी फुटली होती. "नवं घड्याळ व्हतं. मन्हा बापनं लगीनमा देयेल. तवयपाईन काढी ठेवेत. पहिले घड्याळ काढेत, फळीवर ठेवेत. मंग तुले सांगेत, वर जाय. माले लागी म्हनीसन नही. घड्याळले लागी म्हनीसन." ती पाण्याकडे बघत बोलत होती. "मी वाट देखू. घड्याळ काढं का माले समजी जाये."

"कशासाठी?" रत्नाने विचारलं. तिचा आवाज वर गेला. पलीकडच्या पायरीवर फोटो काढणारं एक जोडपं होतं, त्यांनी वळून पाहिलं. "कशासाठी मारायचे?"

आईने थोडा विचार केला, जसं खरंच कारण शोधून द्यायला हवं. "कशासाठीबी. वरण पातळ. पाहुणासमोर बोलनी. कव्हय शाळामा कोनी काही बोलनं ऱ्हाये, ते घर येये." मग म्हणाली, "आवाज नही करेत. मीबी नही करू. तू वर व्हतीस ना."

रत्नाला पहिल्यांदा जे झालं ते दुःख नव्हतं. तो नुसता धक्का होता, कोरडा, डोक्याच्या आत एक पांढरी जागा. त्या जागेत गोष्टी येऊन पडू लागल्या आणि त्यांचा आवाज होत नव्हता. गच्ची. सिमेंटची गार झालेली लादी. ती मान वर करून मृगाचा खांदा शोधतेय, लालसर काक्षी तिला केव्हाच सापडलेली आहे, आणि नाना अजून येत नाहीत. खालून भांडं पडल्याचा आवाज. मग जिन्यावर नानांची पावलं, आणि नाना थोडे धापा टाकतायत. तिला वाटायचं, जिना चढल्यामुळे. ते तिच्या शेजारी बसतात, तिच्या केसांवरून हात फिरवतात आणि म्हणतात, तुझ्या आईच्या हातून भांडी फार पडतात, नाही का? आणि ती हसते. खिदळते. पुढे पाहुण्यांसमोरसुद्धा ती हे म्हणायची, आमच्या आईच्या हातून भांडी फार पडतात, आणि पाहुणे हसायचे, नाना हसायचे, आणि आई चहाचे कप गोळा करत, खाली बघून, तीही थोडं हसायची. मग रिकामं मनगट. दिवसभर पट्ट्याखाली राहिलेली फिकी चामडी, अंधारातही दिसणारी. त्या फिक्या पट्ट्यावर ती बोट फिरवायची. तिला ते आवडायचं. ते आत्ता, ह्या क्षणीसुद्धा आवडत होतं, बोटाच्या टोकाला ते मऊपण जसंच्या तसं होतं. तिने मूठ उघडून खडीसाखर पाण्यात टाकली. हाताला चिकटून राहिली ती कपड्याला पुसली.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "ते होते तेव्हा नाही, निदान नंतर? वर्षभर तू माझ्या घरात आहेस."

"तुले सांगानं नव्हतं. कव्हयच नही." आईने पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. "तुन्हावर त्यास्ना जीव व्हता. ते खोटं नही. तुले बाप भेटना, चांगला भेटना, मी म्हनं ऱ्हाऊ दे. पन तू तठे उभी ऱ्हाईसन ते घड्याळनं सांगी ऱ्हायनी व्हती, अन् लोके मुंडकं हालाडी ऱ्हायन्थात... माले सहन नही व्हयनं. तोंडातून निंघी गयं." आणि मग हळूच, अपराध्यासारखी, "तुन्हं भाषण बिघडनं का?"

रत्नाने मान हलवली. नाही. भाषण बिघडलं नव्हतं. तेच तर. तिला वाटलं, आपण आता रडायला हवं, आईच्या गळ्यात पडायला हवं, पण तिच्या अंगाला त्याची सवय नव्हती. आईला मिठी कशी मारतात, हात कुठे ठेवतात? ती एक पायरी खाली सरकली, एवढंच. तिनेही सँडल काढल्या. पाणी वाटलं त्यापेक्षा गार होतं. शेजारी शेजारी चार पाय, आईचे टाचांना भेगा पडलेले, तिचे नखं रंगवलेले, आणि अंगठ्यांचं वळण सारखंच.

"मंग काय व्हयनं?" आई म्हणाली.

"कुणाचं?"

"तुन्हा तारानं. मी बाहेर गई, मंग तू काय सांगं?"

तिला आधी वाटलं आई विषय बदलतेय, तिच्यावर दया म्हणून. पण आई खरंच वाट पाहत होती, तोंड थोडं उघडं ठेवून. पंचवीस वर्षं ह्या एकाच गोष्टीत घालवली आणि ती ह्या बाईला एकदाही सांगितली नव्हती. रत्ना बोलू लागली आणि अडखळली. सभागृहातली सगळी वाक्यं नानांच्या चालीवर होती, आधी प्रश्न, मग विराम, मग उत्तर. तीस वर्षं ती त्यांच्याच चालीवर बोलत आलेली. तिने ती वाक्यं बाजूला ठेवली, आणि मग तिच्याकडे फारसं काही उरलं नाही. "मोठा तारा असतो," ती म्हणाली. "आतून कोसळतो. कोसळताना आतला थोडा माल दोन बाजूंनी बाहेर फेकला जातो, फार जोरात. त्यातून किरण निघतात. डोळ्यांना न दिसणारे. थोडाच वेळ. मग मागे धग राहते, कधी काही दिवस, कधी महिने. आम्ही त्या धगीवरून मागे जातो, काय झालं असावं ते शोधत."

"कोनले दिसस ते?"

"ज्याच्याकडे तोंड असेल त्याला. यंत्रातून. बाकीच्यांना नाही."

"मंग तुमले समजनं कसं, असं व्हस म्हनीसन?"

"चुकून," रत्ना म्हणाली. "दुसरंच शोधत होते. कुणी चोरून बॉम्ब उडवतंय का हे बघायला उपग्रह सोडले होते. त्यांना खालून काही मिळालं नाही. वरून आलं. कितीतरी वर्षं कुणाचा विश्वास बसेना."

आईने मान हलवली, आणि पाय पाण्यातून काढून लुगड्याच्या काठाने पुसू लागली. एकेक बोट.

फोन वाजला तेव्हा दोघी गाडीपाशी आल्या होत्या. दीपक होता. उत्साहात होता, व्याख्यान फार रंगलं, लोक अजून बोलतायत, चित्रण उद्या सगळ्यांना पाठवायचं आहे. "तेवढं अक्कांचं वाक्य काढून टाकतो, मॅडम. कळणारही नाही, सफाईने करतो." रत्ना म्हणाली, "नको." मग म्हणाली, "ते राहू दे. माझं काढा. नानांबद्दल मी जे बोलले ते सगळं काढून टाका. गच्ची, घड्याळ, सगळं." "मग मॅडम," दीपक हळू म्हणाला, त्याचाही आवाज आता वेगळा, "अक्का नेमकं कशाला खोटं म्हणतायत, ते लोकांना कळायचं कसं? त्यांना वाटेल, ताऱ्यांबद्दलच म्हणतायत." रत्ना उन्हात, गाडीच्या तापलेल्या दारावर हात टेकून उभी राहिली. दीपकने विचारलं, "काही झालंय का, मॅडम? सरांविषयी काही..." ज्या माणसाने नानांच्या अंत्ययात्रेत खांदा दिला, जो सभागृहाला नानांचं नाव देण्यासाठी वर्षभर खेटे घालतोय, त्याला आता, रस्त्यावर, फोनवर, काय सांगायचं? आणि नाही सांगितलं तर? ती गप्प राहिली. भांडी पडल्यावर गल्लीही अशीच गप्प राहिली असेल.

आईने हात पुढे केला. फोन मागितला. तो कानाला कसा लावायचा हे तिला नीट ठाऊक नव्हतं, तोंडासमोर आरशासारखा धरून ती बोलली.

"दीपक, मी कमल बोली ऱ्हायनी. तुन्हा सर घरमा मारेत. माले. घड्याळ काढीसन. मी ते बोलनी, ते ऱ्हाऊ दे. रत्नानंबी ऱ्हाऊ दे. बठ्ठं ऱ्हाऊ दे. काही कापू नको." दीपक काय म्हणाला ते रत्नाला ऐकू आलं नाही. मग आई म्हणाली, "हा. तुन्हं चूक नही, भाऊ. तुले कसं माहीत ऱ्हाई?" आणि फोन रत्नाकडे परत दिला, उलटा धरून, कुठे दाबतात ते न कळल्यामुळे चालूच. पलीकडे दीपकचा श्वास ऐकू येत होता. रत्नाने फोन कानाला लावला. "सगळं राहू द्या," ती म्हणाली. "आहे तसं." आणि तो, एखाद्या वर्गातल्या मुलासारखा, म्हणाला, "हो मॅडम."

एरंडोल मागे पडलं, पाळधी मागे पडलं. रस्त्याकडेला केळीच्या बागांचे हिरवे पट्टे लागले, सावल्या लांब होऊ लागल्या. रत्नाच्या डोक्यात आता फक्त कामं होती. भूषणला, तिच्या नवऱ्याला, कसं सांगायचं. तो नानांना फार मानायचा. उद्या पहिला तास आहे. त्या वाक्याचं काय करायचं, प्रबंधातल्या, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेल्या. ते पुसता येणार नव्हतं. आणि सगळ्यांच्या खाली, कुणालाही सांगता येणार नाही अशी एक गोष्ट होती. तिला नानांची आठवण येत होती. आत्ता, ह्याच क्षणी, हे सगळं जाऊन त्यांनाच सांगावंसं वाटत होतं, कारण एवढं मोठं काही कळलं की ती नेहमी त्यांनाच सांगत आली होती. ती दचकली. काहीतरी बोलावं म्हणून तिने शेजारी पाहिलं.

आई झोपली होती. मान खिडकीच्या काचेला टेकलेली, तोंड उघडं, पिशवी मांडीवरून घसरून पायाशी पडलेली. हात दोन्ही बाजूंना सुटलेले, तळवे वर. रत्नाला आठवेना, आईला झोपलेलं आपण कधी पाहिलंय. सकाळी उठावं तर आई उठलेली, रात्री झोपावं तर आई जागी. दुपारी पाहुणे. पिंप्राळ्याला वर्षभर शेजारच्या खोलीत राहते, पण दारात नुसती सावली आली तरी उठून बसते. आता तिचा घोरण्याचा बारीक आवाज येत होता. दारूगोळा घेऊन जाणाऱ्या माणसासारखी रत्ना हळू चालवू लागली, खड्डे चुकवत, हॉर्न न वाजवता.

पिंप्राळ्याचं वळण आलं. वळलं की गतिरोधक, मग गल्ली, मग फाटक उघडायला उतरायचं, इंजिन बंद करायचं, आणि इंजिन बंद झालं की आई जागी होणार, पदर सावरणार, विचारणार, चहा टाकू का. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. रत्नाने वळणाचा दिवा लावला होता तो बंद केला आणि सरळ गेली. शहर ओलांडलं. नशिराबादच्या पुढे रस्ता मोकळा होता. भुसावळपर्यंत जाऊ, तिने ठरवलं, आणि तिथेही उठली नाही तर आणखी पुढे.